गोळी, सराव आणि लकवा



मराठी विभाग म्हटला की कविता, सहलीचं वर्णन, आईवरचा एक लेख आणि ‘अमुक तंत्रज्ञान : काळाची गरज’ असा एखादा लेख ठरलेला असतो. माझा विषय जरा वेगळा आहे. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध खोकल्याच्या औषधापुरता. तरीही गेल्या वर्षी आमच्या आबांना लकवा झाला आणि घरात एक प्रश्न उभा राहिला : फिजिओथेरपीच्या आधी उत्तेजक गोळी दिली तर हातपाय लवकर सुधारतात, हे खरं का?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मला तीन महिने लागले. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसून जे वाचलं, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमना जे विचारलं, ते इथे सोप्या भाषेत मांडतो. विषय फक्त म्हाताऱ्या माणसांचा आहे असं समजून पान उलटू नका. त्याच जातीच्या गोळ्या परीक्षेच्या रात्री काही होस्टेलांमधून फिरतात, म्हणून शेवटचा भाग आपल्यासाठी आहे.

लकवा म्हणजे नेमकं काय होतं?

आपण ज्याला लकवा, अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतो, त्याला डॉक्टर स्ट्रोक म्हणतात. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. पहिला प्रकार जास्त आढळतो. पाइपलाइन चोक झाली किंवा बर्स्ट झाली, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. मेंदूच्या ज्या भागाचं रक्त बंद झालं, तिथल्या पेशी मरू लागतात. मोठ्या नळीत गुठळी अडकली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी मांडला होता.

हा आजार शहरातल्या सुखवस्तू लोकांचा, असा एक समज आहे. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमध्ये दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण तपासलं. २०१५ मध्ये डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते, म्हणजे साधारण दर सातातला एक. त्या गावांत मृत्यूचं ते सगळ्यात मोठं कारण निघालं.

आमचं गाव नांदुरा तालुक्यातलं. आबा पहाटे उठले तेव्हा उजवा हात उचलेना आणि शब्द जड झाले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्यापूर्वी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. माणूस झोपेतून उठताना लकवा दिसला तर वेळ मोजायची ती तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. आबा रात्री दहाला जेवून झोपले होते. अकोल्याला पोचेपर्यंत ती वेळ केव्हाच निघून गेली होती. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय मात्र लुळे राहिले.

गोळीचा प्रश्न कसा आला?

लकवा झालेल्या माणसाच्या घरी सल्ल्यांची कमी नसते. कोणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा. कोणी म्हणालं, अमुक गावाला झाडपाला मिळतो, तीन अमावास्या पाळा. या सल्ल्यांना आबांनीच उडवून लावलं. “मले काय कबुतर कापाले लावता बे?” एवढंच ते कसंबसं बोलले आणि आजी पहिल्यांदा हसली.

पण एक सल्ला असा आला की तो उडवता येईना. माझा आतेभाऊ पुण्याला आयटीत आहे. त्याने चक्क एक संशोधनाचा पेपर पाठवला. १९९५ चा, ‘स्ट्रोक’ नावाच्या प्रतिष्ठित नियतकालिकातला. त्यात लिहिलं होतं की डेक्स्ट्रोॲम्फेटामिन नावाची उत्तेजक गोळी फिजिओथेरपीच्या जोडीने दिली, तर रुग्णांचे हातपाय नुसत्या फिजिओथेरपीपेक्षा जास्त सुधारले. भाऊ म्हणाला, “हे कबुतराचं रक्त नाही, हे सायन्स आहे. डॉक्टरांना विचार.”

अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “या कामासाठी हे औषध मान्य नाही. तुमच्या आबांचं बीपी आधीच वाढलेलं आहे. गोळीचा विचार सोडा, व्यायाम सोडू नका.” उत्तर स्पष्ट होतं. पण घरातल्यांच्या मनात किडा वळवळत राहिला : पेपरमध्ये छापून आलंय, तर मग डॉक्टर नाही का म्हणतात? मोठ्या शहरात गेलो तर कोणी देईल का? वडील एक एकर कपाशीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवायला तयार झाले होते. म्हणून मी वाचायला बसलो.

उंदीर आणि लाकडी पट्टी

या गोष्टीची सुरुवात १९८२ मध्ये झाली. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डेनिस फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतला हालचालींवर ताबा ठेवणारा भाग एका बाजूने इजा करून निकामी केला. मग त्यांना अरुंद लाकडी पट्टीवरून चालायला लावलं. इजा झालेले उंदीर घसरायचे, पाय खाली जायचा. इजेनंतर २४ तासांनी ज्यांना ॲम्फेटामिनचा एकच डोस मिळाला, ते इतरांपेक्षा फार लवकर नीट चालू लागले.

पण या प्रयोगातली खरी गंमत पुढे आहे. ज्या उंदरांना औषध दिलं पण त्यानंतर काही तास हालचाल करू दिली नाही, त्यांना औषधाचा फायदाच झाला नाही. औषध एकटं काही करत नव्हतं. ते सरावाला जोर देत होतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल : ॲम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी इनपुटला सिग्नल नसेल तर आउटपुटला काय येणार?

यामागचं कारण असं सांगितलं गेलं. ॲम्फेटामिनमुळे मेंदूत नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन ही रसायनं जास्त सुटतात. त्यामुळे माणूस सावध होतो आणि चेतापेशींमधले जोड बदलायला अनुकूल स्थिती तयार होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या जिवंत पेशी नवे जोड तयार करून थोडंफार काम अंगावर घेऊ शकतात. एखादा फीडर बंद पडला की वीज दुसऱ्या लाइनवरून फिरवतात, तसं काहीसं. ही फिरवाफिरवी सरावाने होते, आणि गोळी ती वेगाने करून देईल अशी आशा होती.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. हॅलोपेरिडॉल हे उलट दिशेने काम करणारं औषध दिल्यावर उंदरांची सुधारणा मंदावली. तेव्हापासून लकव्याच्या रुग्णाला गुंगी आणणारी काही औषधं देताना डॉक्टर जास्त विचार करू लागले. (हे वाचून घरातल्या कुणाचं चालू औषध परस्पर बंद करू नका. ते फक्त डॉक्टरांनी ठरवायचं.)

आठ माणसं, दहा माणसं

उंदरांवरून माणसांवर यायला सहा वर्षं लागली. १९८८ मध्ये क्रिसोस्टोमो आणि सहकाऱ्यांनी लकव्याच्या फक्त आठ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना १० मिलिग्रॅम ॲम्फेटामिन आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. त्याच वेळी फिजिओथेरपीचं एक सत्र झालं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर औषधवाल्यांचे गुण जास्त वाढलेले होते.

नंतर १९९५ मध्ये डेलेना वॉकर-बॅट्सन यांचा अभ्यास आला. हाच तो आतेभावाने पाठवलेला पेपर. त्यात दहा रुग्ण होते. दर चौथ्या दिवशी १० मिलिग्रॅमची गोळी आणि लगेच फिजिओथेरपी, अशी दहा सत्रं झाली. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

आता आपल्या सिव्हिलच्या मित्रांना विचारतो. काँक्रीटची ताकद बघायला आपण एका नमुन्याचे तीन क्यूब फोडतो आणि सरासरी घेतो. तीन क्यूबवर भागतं, कारण ते एकाच घमेल्यातून, एकाच मिक्समधून, एकाच दिवशी भरलेले असतात. तरीसुद्धा त्यातला एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त हटला तर आयएस ४५६ तो नमुना धरू देत नाही. माणसं एका मिक्समधली असतात का? एकाला छोटा स्ट्रोक, दुसऱ्याला मोठा. एकाचं वय ४५, दुसऱ्याचं ७५. एकाला शुगर आहे, दुसऱ्याला नाही. शिवाय लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत बरेच रुग्ण आपोआपच थोडे सुधारतात. चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच माणसांत, नशिबाने दोन जण लवकर सुधारणारे एका बाजूला पडले, की निकाल त्या बाजूला झुकला!

त्या संशोधकांनी काही खोटं केलं असा याचा अर्थ नाही. त्यांनी एक शक्यता दाखवली. लहान अभ्यासाचं कामच ते असतं : इथे खणून बघा, पाणी लागेल कदाचित, एवढं सांगायचं. आमच्या घरी मात्र ‘कदाचित’ हा शब्द गळून पडला आणि ‘पाणी लागलं’ एवढंच पोचलं होतं.

मग खोल खणल्यावर काय लागलं?

२००६ मध्ये कॅनडातल्या डॉ. डेव्हिड ग्लॅडस्टोन यांच्या गटाने ७१ रुग्णांवर चाचणी केली. आठवड्यातून दोनदा गोळी आणि फिजिओथेरपी, पाच आठवडे. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणती गोळी कोणाला हे माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, पण सारखेच सुधारले. गोळीचा वेगळा फायदा एकूणात दिसला नाही.

२००७ मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या दहा चाचण्या एकत्र करून तपासल्या. सगळे मिळून रुग्ण ३०० सुद्धा नव्हते. निष्कर्ष असा की हे औषध नेहमीच्या उपचारात वापरावं असा पुरावा नाही. नाडी आणि रक्तदाब वाढतो, हे मात्र दिसलं.

२०१८ मध्ये डॉ. लॅरी गोल्डस्टीन यांची चाचणी छापून आली. हे स्वतः वर्षानुवर्षं या औषधावर काम केलेले संशोधक. ६४ रुग्ण, दर चार दिवसांनी गोळी आणि तासभर फिजिओथेरपी, अशी सहा सत्रं. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा गोळीवाले आणि प्लासिबोवाले यांच्यात फरक नव्हता. आयुष्यभर ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, तीच आपल्या चाचणीत टिकली नाही असं छापायला धैर्य लागतं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘अपेक्षित निकाल मिळाला नाही’ असं लिहायला आपण किती घाबरतो, ते आठवून बघा.

याच धर्तीच्या दुसऱ्या गोळ्यांचंही असंच झालं. लिव्होडोपा हे कंपवाताचं औषध मेंदूत डोपामिन वाढवतं. २००१ मध्ये जर्मनीत ५३ रुग्णांवर फिजिओथेरपीबरोबर वापरलं तेव्हा फायदा दिसला. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या डार्स चाचणीने ५९३ रुग्णांवर ते तपासलं आणि चालण्यात काही फरक मिळाला नाही. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांत आशादायक वाटलं. २०१८ च्या फोकस चाचणीत ३१२७ रुग्ण होते. त्यात नैराश्य कमी झालं, पण हातपायांची एकूण सुधारणा वाढली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

तिन्ही वेळा आलेख एकाच आकाराचा आहे : माणसं कमी तेव्हा फायदा मोठा, माणसं वाढली की फायदा गायब. इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. सिग्नल नव्हता, नॉइज होता.

उंदराला चाललं, माणसाला का नाही?

हा प्रश्न मी फिजिओथेरपिस्ट मॅडमना विचारला. त्यांनी सांगितलं ते आणि मी वाचलं ते मिळून कारणं अशी दिसतात.

पहिलं, प्रयोगातले उंदीर तरुण, निरोगी आणि एकसारखे असतात. सगळ्यांना इजा एकाच जागी, ठरवून केलेली. दुसरं, त्यांना औषध २४ तासांत मिळालं. माणसांना ते बहुतेक चाचण्यांत कित्येक दिवसांनी मिळालं. तिसरं, माणसाला डोस जपून द्यावा लागतो, कारण रक्तदाब वाढला तर जीवावर बेतू शकतं. आणि चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : सरावाचं प्रमाण.

२००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीची शेकडो सत्रं बाजूला बसून मोजली. लुळ्या हाताने उपयोगाची हालचाल, म्हणजे वस्तू उचलणं वगैरे, एका सत्रात सरासरी ३२ वेळा झाली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा दिवसाला काहीशेच्या घरात असतो. इनपुटच इतका कमी असेल तर त्यावर कुठलाही ॲम्प्लिफायर लावून काय उपयोग?

मग कशाचा उपयोग होतो?

इथे मला चांगली बातमी मिळाली. २०१६ मध्ये कोक्रेननेच एकच काम पुन्हा पुन्हा करण्याच्या पद्धतीवरच्या ३३ चाचण्या तपासल्या. त्यात १८५३ रुग्ण होते. पेला उचलणं, खुर्चीतून उठणं, चालणं अशी रोजची कामं परत परत केल्याने हात आणि पाय दोन्हींत सुधारणा होते, असं दिसलं. सुधारणा मोठी नाही, पण आहे, आणि काही महिने टिकते.

दुसरी पद्धत ऐकायला विचित्र आहे. चांगल्या हाताला जाड मोजा घालून तो अडकवून ठेवायचा, म्हणजे लुळ्या हाताला काम करावंच लागतं. अमेरिकेत २२२ रुग्णांवर दोन आठवडे हे करून बघितलं आणि २००६ मध्ये निकाल आला : हात चांगला वापरता येऊ लागला. अर्थात हे सगळ्यांना जमत नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असावी लागतात.

पण ‘जितकं जास्त, जितकं लवकर, तितकं चांगलं’ हेही खरं नाही. २०१५ च्या ॲव्हर्ट चाचणीत २१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला उठवून वारंवार आणि जोरात हालचाल करायला लावली, तेव्हा निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा कमी चांगला आला. म्हणजे सुरुवात केव्हा आणि किती हे डॉक्टर व फिजिओथेरपिस्टच ठरवणार.

एक भारतीय चाचणीही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या सगळ्यांच्या मनाविरुद्ध जाते. देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी झाली. घरच्या माणसाला थोडं प्रशिक्षण देऊन त्याच्याकडूनच घरी व्यायाम करून घ्यायचे, अशी कल्पना. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्णांचं प्रमाण ४७ टक्केच होतं. घरच्यांच्या मायेने शिकलेल्या फिजिओथेरपिस्टची जागा भरून निघत नाही, असा मी त्यातून अर्थ घेतो. आपल्या जिल्ह्यात खेड्यातून तालुक्याला यायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो, त्यामुळे हा निकाल टोचतो. पण टोचला म्हणून खोटा होत नाही.

आबांची वही

आमच्या घरी काय ठरलं ते सांगतो. गोळीच्या मागे मोठ्या शहरात जायचं नाही. बाजूला ठेवलेले पैसे खामगावच्या मॅडमच्या सत्रांसाठी आणि जाण्यायेण्याच्या रिक्षासाठी. बीपीची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, कारण दुसरा स्ट्रोक टाळणं हे सगळ्यात आधी. वडिलांनी हे ऐकून फक्त एक प्रश्न विचारला, “पक्कं ना?” मी म्हटलं, आज जगात जेवढं माहीत आहे तेवढ्यापुरतं पक्कं.

मॅडमनी आठवड्याला दोनदा व्यायाम शिकवायचा आणि मधल्या दिवसांत घरी किती वेळा काय करायचं ते लिहून द्यायचं, असं चाललं. परातीतले तुरीचे दाणे उचलून वाटीत टाकणं. लोटा धरून ओठांपर्यंत नेणं. बाजेवरून उठून उभं राहणं आणि परत बसणं. आबांना मोजणं कंटाळवाणं वाटायचं. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या माझ्या रूममेटने एका फळीखाली लिमिट स्विच बसवला आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले जोडला. आबा लोटा फळीवर ठेवायचे की आकडा एकाने पुढे सरकायचा. ते यंत्र आल्यावर आबांना चेव चढला. “आज दीडशे झाल्याबिगर चहा नाई पेत मी!” संध्याकाळचा आकडा आजी वहीत लिहायची. पहिल्या दिवशी १८, चौथ्या महिन्यात २००.

आज आबा काठी घेऊन वाड्याच्या फाटकापर्यंत जातात. लोटा धरतात. उजव्या हाताची मूठ अजून पूर्ण मिटत नाही, सदऱ्याचं वरचं बटण आजीच लावते. हे सगळं त्या काउंटरमुळे झालं असं मी म्हणणार नाही. आबा एकटेच आहेत, आमच्याकडे प्लासिबो आबा नव्हते! आठ रुग्णांच्या पेपरला नावं ठेवून एका रुग्णाच्या वहीवर विश्वास ठेवा म्हणायला मी तयार नाही. वही एवढंच सांगते की सराव झाला. तो किती झाला, तेही सांगते.

आता आपल्याविषयी

सबमिशन, व्हायवा, बॅकलॉग. रात्र एक आणि युनिट पाच. अशा वेळी ‘एक गोळी घे, झोप येणार नाही, सगळं लक्षात राहील’ असं सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याला पुढील गोष्टी सांगा.

ॲम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेट ही औषधं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. त्यांचा समावेश शेड्यूल एक्समध्येही आहे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत मेडिकलवाल्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर तपासून, डोस ठरवून मिथाइलफेनिडेट देतात. अशा विद्यार्थ्याने ते जरूर घ्यावं आणि त्याची कोणी थट्टा करू नये. मित्राच्या पाकिटातून उचलून घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरं, या गोळ्या नाडी आणि रक्तदाब वाढवतात. ॲम्फेटामिनच्या गैरवापराने तरुण माणसाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटून लकवा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. ज्या आजारातून बरं करायला ही गोळी तपासली गेली, तोच आजार ती देऊ शकते. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझा लेख वसूल झाला.

तिसरं, जागं राहणं म्हणजे शिकणं नव्हे. ज्या उंदराने पट्टीवर पाय टाकला नाही, त्याला औषधाने चालायला शिकवलं नाही. ज्याने गणितं सोडवली नाहीत, त्याला जागरण गणितं शिकवणार नाही. शिवाय दिवसा केलेला सराव मेंदूत पक्का बसतो तो बऱ्याच अंशी झोपेत. सरावही नाही आणि झोपही नाही, मग नुसती गोळी कशावर काम करणार?

घरी सांगण्यासारखं

सुट्टीत गावी जाल तेव्हा या चार गोष्टी चावडीवर, पारावर, जिथे जमेल तिथे सांगा.

१. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी तो स्ट्रोक समजा. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. फोनवरच विचारा की सीटी स्कॅनची सोय कुठे आहे. तोंडात पाणी, औषध काही घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

२. बीपी तपासा. वय चाळिशीच्या पुढे असेल तर ‘मला काही त्रास नाही’ यावर जाऊ नका. बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तंबाखू आणि बिडी सोडवा.

३. लकव्यानंतर पहिले महिने मोलाचे असतात. पैसे आणि वेळ चमत्काराच्या मागे घालवू नका. फिजिओथेरपिस्ट शोधा आणि त्यांनी सांगितलेला सराव मोजून करा.

४. कोणी छापील कागद दाखवून ‘हे सायन्स आहे’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा : माणसं किती होती? प्लासिबो होता का? नंतर मोठी चाचणी झाली का? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

उद्या एखादी गोळी खरंच सापडेलही. संशोधन चालू आहे आणि ते चालू राहिलं पाहिजे. ती सापडली तर आनंदाने घेऊ. पण आजवरच्या चाचण्यांवरून मला असं दिसतं की ती गोळी घेतल्यावरसुद्धा लोटा उचलावा लागणारच आहे, आणि तोही शेकडो वेळा.

सर्वांना परीक्षेसाठी शुभेच्छा. रात्री वेळेवर झोपा.